मशीन चालते तोवर

आमची कपडे धुवायची मशीन मागच्या पडवीत उभी आहे. तिच्या चारही पायांखाली चिऱ्याचे तुकडे आहेत, पाठीला ताडपत्री आहे आणि बुडाला काजूच्या टरफलाचं तेल आहे. हे तेल होडीला लावतात. मशीनला लावलेलं मी तरी दुसऱ्या कुणाच्या घरी पाहिलेलं नाही.

ते माझ्या नवऱ्याने लावलं. लेकीने लग्नाआधी स्वतःच्या पगारातून मशीन आणली, टेम्पोतून उतरवली, आणि नवरा खळ्यातून, म्हणजे पुढच्या अंगणातून, ओरडला, "तुझी सवत इली गो!" शेजारपाजारची माणसं हसली. मी रागावले नाही, कारण मला मशीन हवी होती. मासे धरणाऱ्याच्या घरातले कपडे ज्याने हाताने धुतले आहेत त्याला मशीन म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. खवले, वाळू, डिझेल आणि वास. वास तर असा, की कपडा झिजून फाटेल, पण तो जायचा नाही.

आमच्या किनाऱ्यावर लोखंड टिकत नाही. खारं वारं खिडकीचे गज खातं, गॅसची शेगडी खातं, देवळाच्या घंटेची साखळीसुद्धा खातं. शेजारणीची मशीन दोन पावसाळ्यांत खालून गळली. ते बघून नवऱ्याने आमची मशीन आडवी केली आणि बुडाला ब्रशने ते काळं तेल फासलं. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, "ही काय होडी आसा?" तर म्हणाले, "होडयेक चलता, हिका कित्याक नाय चलूचा?" महिनाभर घरात तो उग्र वास होता. त्यांच्या मनगटांवर फोड आले, आणि माझी एक पांढरी साडी मशीनला नुसती घासून गेली तर तिला जो डाग पडला तो आजही आहे. काजूचा डाग निघत नाही. पण मशीनही गंजली नाही. हे मला कबूल करावं लागायचं आणि ते मुद्दाम पुन्हा पुन्हा कबूल करायला लावायचे.

समुद्रावरून आले की आधी होडीचं इंजिन गोड्या पाण्याने धुवायचं आणि मग मशीन पुसायची, असा त्यांचा क्रम होता. मशीन पुसायला खोबरेल तेलाचं फडकं. खालची जाळी उघडून साफ करायची तेही त्यांचंच काम. मी फक्त बटण दाबायची.

मग गेल्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी होडी ओढायला गेले ते चार माणसांच्या खांद्यावर परत आले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एकच शब्द उरला, "व्हय." भूक लागली? व्हय. पोट भरलं? व्हय. दुखतं का? व्हय. डॉक्टर म्हणाले, समजतं किती ते सांगता येणार नाही. मी मान हलवली. तेव्हापासून मी बहुतेक गोष्टींवर मान हलवते. रडू आलं नाही. बायका भेटायला आल्या, गळ्यात पडून रडल्या, आणि मी त्यांच्यासाठी चहा टाकला. एकीने बाहेर जाऊन दुसरीला सांगितलं की ही दगड आहे. मला ऐकू आलं. वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटलं नाही.

मी अंगणवाडीतली नोकरी सोडली. दिवसाचं काम ठरून गेलं. पहाटे उठायचं, त्यांना कुशीवर वळवायचं, ओली चादर चारी कोपऱ्यांनी गोळा करायची, तोंड बाजूला करून पडवीत न्यायची आणि मशीनमध्ये ढकलून दार लावायचं. चादरीकडे मी कधी बघत नसे. कशाला बघायची? काय असणार ते माहीत होतं. मग त्यांना पुसायचं, कपडे बदलायचे, पेज भरवायची. तोवर मशीनमधलं धुऊन होतं. चादर पडवीतल्या दोरीवर टाकायची. दुसऱ्या दिवशी परत तेच.

मशीनची देखभालही आता माझ्याकडे आली. करायची कशी ते त्यांना विचारायची सोय नव्हती, म्हणून मी आठवून आठवून शिकले. शनिवारी खालची झडप उघडायची, खाली परात ठेवायची, गोल झाकण हळूहळू फिरवायचं. एकदम फिरवलं तर सगळं पाणी अंगावर येतं. ते आलंही. आत केस, धागे आणि वाळू. आता आमच्या घरातलं कुणी समुद्रावर जात नाही, तरी वाळू येतेच. नळाच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तिच्यात विहिरीची तांबडी माती बसते. ती जुन्या दात घासायच्या ब्रशने काढायची. दाराचं रबर पुसून कोरडं ठेवायचं, नाहीतर काळं पडतं.

एकदा तर मी भलताच शहाणपणा केला. विहिरीच्या पाण्याचा पांढरा थर मशीनच्या आत बसला होता. देवाची भांडी आम्ही आमसुलाने लख्ख करतो, तर मशीन का नाही? आमसुलं घरात संपली होती, म्हणून मी बरणीतलं आगळ, म्हणजे कोकमाचा दाट रस, ओतलं. आगळात मीठ असतं हे माझ्या ध्यानात राहिलं नाही, आणि त्याचा रंग लागतो हेही नाही. ज्या घरात मिठाच्या वाऱ्यापासून मशीन वाचवायला इतका खटाटोप झाला, तिथे मी तिच्या पोटात मीठ ओतलं. दोन वेळा रिकामी फिरवून तिला धुतलं. तरी पुढे कितीतरी दिवस चादरी गुलाबी निघत होत्या. गुलाबी चादरीवर नवरा. एरवी त्यांनी गावभर सांगितलं असतं. मी त्यांना चादर दाखवून म्हटलं, "बघा, आगळ घातलंय मशीनीत." ते म्हणाले, "व्हय."

त्यांच्या डाव्या हाताला काही काम द्या, असं व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. रबराचा चेंडू आणला, तो त्यांनी टाकून दिला. मग मी माळ्यावरून जुनी कांडाळ काढली. कांडाळ म्हणजे समुद्रात भिंतीसारखं उभं सोडायचं लांब जाळं, वरच्या दोरीला तरंगणारे गोळे आणि खालच्या दोरीला चिंचोक्याएवढी शिसं. ही फाटून गेली होती, म्हणून माळ्यावर पडली होती. तिचा एक पदर मी त्यांच्या मांडीवर ठेवला. डावा हात लगेच तिच्यात शिरला. दिवसभर ते खिडकीशी टेकून ती चाचपत. मला वाटलं, लहान मूल खुळखुळा धरतं तसं. त्यांचा वेळ जात होता आणि मला माझं काम करता येत होतं.

लेक दोडामार्गला दिलेली. जावई गोव्यात कामाला जातो. घराभोवती रबराची झाडं आणि केळी, समुद्र कुठेच नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला ती आली होती. माझी मनगटं तिने बघितली. दोन्हीकडे सूज होती. कमरेला पट्टा होता.

"आये, तू किती दिवस ह्या करतलंस? बाबांका मी घेवन जातंय. तू पण चल."

आम्ही त्यांच्या कॉटच्या पायथ्याशी बसून बोलत होतो. लेकीच्या घरी जाऊन राहायचं हे त्यांना कधी पटलं नसतं. जावयाच्या घरचा पाण्याचा तांब्यासुद्धा ते अवघडून घेत. आणि समुद्र सोडून ते आयुष्यात एकदा राहिले होते, आजारी भावाजवळ, तेही चार दिवस, आणि परत येऊन म्हणाले होते की तिथे झोपच लागत नाही, फार शांत आहे. हे सगळं लेकीला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मला राग आला. राग तेवढा माझ्यात शिल्लक होता. म्हटलं, "जवसर ही मशीन चलता, तवसर मी चलतलंय. ती बंद पडली काय मग घेवन जा तुझ्या बापाशीक."

बोलून बसले. लेक माझीच. तिने ते धरून ठेवलं. "बरा. मशीन गेली काय नवी घेवची नाय. बाबा माझ्याकडे. कबूल?" मी मान हलवली. तिने वळून त्यांना विचारलं, "बाबा, कबूल?" ते म्हणाले, "व्हय." आम्ही दोघी हसलोदेखील.

त्या दिवसापासून ती फोनवर आधी मशीनची चौकशी करायची. मी म्हणायचे, "चलता." आणि एक गोष्ट इथे लिहून टाकते, कारण ती लिहिल्याशिवाय बाकीचं खरं ठरणार नाही. मी मशीन जपत होते, शनिवारची जाळी चुकवत नव्हते, रबर पुसत होते, आणि त्याच वेळी ती बंद पडायची वाट बघत होते. मला झोपायचं होतं. दुसऱ्या कुणीतरी पहाटे उठायला हवं होतं. मी स्वतःच्या तोंडाने त्यांना इथून पाठवणार नव्हते, पण मशीनने पाठवलं तर मला काही म्हणायचं नव्हतं.

पावसाचा जोर ओसरत आला तशी मशीन खडखडायला लागली. कपडे पिळताना पोटात कोणी खडे फिरवावेत तसा आवाज. मी मालवणातल्या मेकॅनिकला फोन केला आणि मोबाइल मशीनजवळ धरला. तो म्हणाला, "काकी, बेअरिंगां गेली असतीत. जुनी झाली ती. चलता तवसर चलवा." मी म्हटलं, बरं. शनिवारी जाळी उघडायचं मी सोडून दिलं. मनगटं दुखतात हे कारण होतं. खोटं नव्हतं ते. पण पुरतं खरंही नव्हतं.

याच सुमाराला त्यांची बोटं काळी व्हायला लागली. ओठही. रोज सकाळी मी साबण लावून घासायची आणि बडबडायची की ही कांडाळ कुठल्या चिखलातली आहे कोण जाणे. ओठ पुसताना ते तोंड फिरवत.

नारळी पौर्णिमा झाली. समुद्राला नारळ दिला, होड्या बाहेर पडल्या. खिडकीतून इंजिनांचा आवाज यायला लागला. ते त्या आवाजाकडे मान करून पडून असत. लेकीचा फोन आला, की चतुर्थीला येते, तेव्हा काय ते ठरवू.

त्यानंतर काही दिवसांनी मशीन थांबली. चादर आत, पाणी आत, आणि काचेच्या दारामागे सगळं गप्प. बटणं दाबून बघितली. वायर काढून लावली. आतून घोगरा आवाज आला आणि तोही बंद झाला. मी पडवीच्या पायरीवर बसले. मला काय वाटलं ते सांगते. बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा रागाखेरीज काहीतरी वाटलं आणि ते हे. मी लेकीचा नंबर काढला.

पण चादर पाण्यात होती. ती तशी ठेवली असती तर दुपारपर्यंत घरात उभं राहवलं नसतं. निदान पाणी तरी काढू, मग फोन करू, असं म्हणून मी मोबाइल पायरीवर ठेवला, परात घेतली, झडप उघडली आणि झाकण फिरवायला लागले. घट्ट बसलं होतं. मनगटाला पदर गुंडाळून जोर लावला तेव्हा सुटलं. पाणी आलं, धागे आले, आणि परातीत टण्णकन काहीतरी पडलं. मग आणखी. मग बरीच.

शिसं होती. कांडाळीची शिसं.

आधी वाटलं जुनी असतील, त्यांच्या चड्डीच्या खिशातून केव्हातरी गेलेली. मग एक हातात घेतलं. जाळ्याचं शिसं दोरीभोवती दुमडून दाताने दाबून बसवतात. हे उलगडलेलं होतं. त्याच्यावर दातांच्या ताज्या, चकचकीत खुणा होत्या.

परात तशीच घेऊन मी आत गेले. ते खिडकीशी टेकून बसले होते, मांडीवर कांडाळ. मी ती उचलली. या सगळ्या दिवसांत मी ती उचलून बघितलीच नव्हती. खालच्या दोरीवर एकही शिसं उरलं नव्हतं. दोरी जाळ्यापासून सोडवून मांडीखाली गुंडाळी करून ठेवली होती. एका हाताने केलेली, पण नीट. उशीमागे हात घातला तर तिथे तरंगणारे गोळे एका जागी जमवलेले. आणि चादरीच्या घडीत, त्यांच्या डाव्या मांडीशी, आदल्या दिवशीची दोन शिसं. पहाटे मी नवी चादर घातली तेव्हा त्यांनी ती दोन शिसं मुठीत धरून ठेवली असणार. बाकीची मी रोज न बघता गोळा करून मशीनमध्ये टाकत आले होते.

हे मी याआधी एकदा पाहिलं होतं. मी या घरात नवी होते तेव्हा माझे सासरे समुद्रावर जायचे थांबले. कुणाला काही बोलले नाहीत. खळ्यात बसून त्यांनी आपली कांडाळ मोडली, दोरी वेगळी, गोळे वेगळे, शिसं वेगळी. जाळं जातं, पण शिसं जात नाहीत, ती पुढच्या जाळ्याला लागतात. मग ती शिसं त्यांनी माझ्या नवऱ्याच्या ओंजळीत ओतली आणि "आता तू बग" एवढंच म्हणाले. त्या संध्याकाळी नवरा जेवला नव्हता. आमच्याकडे माणूस समुद्र सोडतो तो असा.

म्हणजे हा खुळखुळा नव्हता. ते निरवानिरव करत होते. कॉटच्या पायथ्याशी आम्ही दोघी बसून त्यांना कुठे न्यायचं ते ठरवत होतो, बाबा कबूल का म्हणून हसत होतो, आणि ते सगळं ऐकत होते. शब्दनशब्द. लेक गेल्यावर त्यांनी एका हाताने आणि दातांनी घर आवरायला घेतलं होतं. ज्या मशीनवर त्यांचं इथे राहणं अवलंबून होतं तिच्या पोटात त्यांचंच आवरणं जाऊन अडकलं होतं, आणि ते माझ्याच हाताने.

"तुमी सगळा आयकलात?" मी विचारलं.

"व्हय."

आता या शब्दाचं काय करायचं? वर्षभर मी तो पेज भरवताना, चादर बदलताना ऐकला होता आणि सोडून दिला होता. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. तेही मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते, नीट, होडी लावताना किनाऱ्याकडे बघायचे तसे. मग डावा हात परातीत घालून त्यांनी ओली शिसं मुठीत घेतली, माझा हात ओढला आणि ती माझ्या तळव्यावर ठेवली. माझी बोटं त्यांच्यावर मिटवायला त्यांना त्रास झाला, पण मिटवली.

शिसं थंड होती आणि आकाराच्या मानाने जड. मला आतून कुठेतरी दुखायला लागलं, वर्षभर झोपलेला पाय जागा होताना दुखतो तसं. मला ते नको होतं. ते दुखणं घेऊन रोज पहाटे उठता येणार नाही अशी भीती वाटली. आणि मग मला नेहमीसारखा राग आला. बरं झालं, आला ते.

मूठ उघडून मी सगळी शिसं परत त्यांच्या मांडीवर ओतली.

"ही शिसां माका नको. तुमच्याकडेच ठेवा. माझी मशीन बंद पडता."

त्यांनी शिसांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"खंय्यच जावचा नाय तुमका," मी म्हटलं. "आयकलात?"

"व्हय."

तोंडाची चांगली बाजू हसली. दुसरी बाजू ओली झाली होती. ते डोळ्यातलं पाणी होतं की नुसती लाळ, मी बघत बसले नाही, पदराने दोन्ही पुसलं. स्वयंपाकघरातून चिवड्याचा रिकामा डबा आणून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला आणि म्हटलं, यात टाका, चादरीत नको.

पडवीत येऊन मी झाकण बसवलं, झडप लावली आणि बटण दाबलं. मशीनने पाणी घेतलं. मागे खोलीत एक शिसं डब्यात पडल्याचा आवाज आला. मग दुसरं.

चादर पिळून होत होती तेव्हा पायरीवरचा मोबाइल वाजला. लेक होती. तिने नेहमीसारखं आधी मशीनचं विचारलं. मशीन आता खडखडत नव्हती. तिकडून ती "आये? आये? बंद पडली काय गो?" असं विचारत राहिली, आणि मी ओल्या हाताने मोबाइल मशीनजवळ धरला, म्हणजे तिला ऐकू जाईल.